वारली चित्रांचा स्वतःचा व्यवसाय: खर्च किती?

लग्नाचा चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, लिहायचा मान वारली समाजात सुवासिनींचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी (पद्मश्री, २०११) ही कला जगभर नेली. आज साडीपासून कपबशीपर्यंत ती दिसते, पण नफा अनेकदा मधल्यांकडे जातो. स्वतःच्या नावावर विकायला सरकारी खर्च फार कमी येतो.

नोंदणीचा खर्च

- उद्यम नोंदणी: शून्य. आधार आणि पॅन पुरेसं.
- हस्तकला कारागिराचं ‘पहचान’ ओळखपत्र: शून्य.
- भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता: १० रुपये. २०२० पूर्वी हे शुल्क ५०० होतं. वारली चित्रकलेला मानांकन आहे. अर्ज चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात जातो, त्याची प्रत मूळ नोंदणीधारक संस्थेलाही पाठवावी लागते. नोंद १० वर्षं टिकते.
- स्वतःचा ट्रेडमार्क (ऐच्छिक): ऑनलाइन अर्जाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये. चित्रं आणि कपडे हे वेगळे वर्ग, म्हणून दोन्हींसाठी ९,०००. सुरुवातीला एकच वर्ग घ्या. ‘वारली’ हे नाव साऱ्या समाजाचं आहे. ट्रेडमार्कसाठी स्वतःचं वेगळं नाव निवडा.

पहिल्या तीन नोंदींचं सरकारी शुल्क मिळून १० रुपये. त्यासाठी एजंट हजारो मागत असेल, तर आधी शुल्काची पावती मागा.

महाराष्ट्रातच माल विकत असाल आणि वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. ऑनलाइन किंवा परराज्यात विकण्याआधी मात्र नियम विचारून घ्या.

भांडवल

आदिवासी महिला सशक्तीकरण योजनेत २ लाखांपर्यंतच्या कामाला ९० टक्के कर्ज ४ टक्के व्याजाने मिळतं. राज्यात त्यासाठी शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करा. १ लाखाच्या कामाला ९० हजार कर्ज. पहिल्या वर्षाचं व्याज जास्तीत जास्त ३,६०० रुपये. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

किंमत कशी लावाल?

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं. समजा, चित्राला तीन दिवस लागले. रोज ५०० प्रमाणे मजुरी १,५००, कापड-रंग-फ्रेम ६००, पॅकिंग आणि कुरिअर २००. एकूण २,३००. दुकानदार विक्रीवर ३० टक्के घेणार असेल आणि तुम्ही २,३०० वर ३० टक्के चढवून २,९९० लावलेत, तर हातात येतील २,०९३, म्हणजे २०७ रुपयांचा तोटा. २,३०० ला ०.७ ने भागा. किंमत किमान ३,२९० हवी, आणि त्यातही नफा अजून धरलेला नाही.

नाव कोणाचं?

चित्र बाई काढत असेल, तर उद्यम नोंदणी, पहचान कार्ड आणि बँक खातं तिच्याच नावावर करा. महिलांसाठीचं कर्ज तिलाच मिळतं आणि पैसा तिच्या हाती राहतो. याला जादा खर्च शून्य.