चोचफुलाचे कुरण

तेरड्याचे पिकलेले बोंड बोटांत धरले की काय होते? फट्‌दिशी फुटते आणि बी उडते. लहानपणी हा खेळ कोण खेळला नाही? झाडाला पाय नाहीत. पण आपले बी लांब धाडायची युक्ती त्याच्याजवळ आहे.

आज आपण अशाच एका रानफुलाची माहिती करून घेऊ. हे फूल आपल्या मुलखातले नाही. ते युरोपातले आहे. पण त्याची गोष्ट आहे गवताची, गुरांची आणि कापणीच्या वेळेची. तेव्हा ती आपल्याला परकी वाटायची नाही.

नाव कसे पडले?

इंग्लंडात या फुलाला 'वुड क्रेन्सबिल' म्हणतात. 'वुड' म्हणजे रान. 'क्रेन' म्हणजे करकोचा पक्षी. 'बिल' म्हणजे चोच. फुलाच्या पाकळ्या गळून गेल्या की मागे एक लांब, टोकदार फळ राहते. ते करकोच्याच्या चोचीसारखे दिसते. म्हणून हे नाव पडले. शास्त्रात या कुळाला 'जिरेनियम' म्हणतात. हा शब्दही ग्रीक भाषेतल्या करकोच्याच्या नावावरूनच आला. आम्ही या धड्यात त्याला 'चोचफूल' म्हणू.

जिरेनियमचे नाव ऐकून कोणी म्हणेल, "अहो, ते तर आमच्याकडे तेलासाठी लावतात!" ते वेगळे, बरं का. वासाच्या तेलाचे जिरेनियम मूळचे दक्षिण आफ्रिकेकडचे. पूर्वी दोघांना एकाच कुळात घालत. १७८९ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्या चुली वेगळ्या केल्या. बाजारात मात्र जुने नाव टिकून राहिले.

चोचफुलाची जवळची भावंडे आपल्या देशातही आहेत. ती हिमालयात आढळतात. उत्तराखंडातल्या 'फुलांच्या दरी'त ती दगडांच्या आणि गवताच्या आधाराने फुलतात.

थंडीला न भिणारे झाड

चोचफुलाचे झाड लहानच. उंची दीड-दोन फूट. पाने हाताच्या पंज्यासारखी फाटलेली. फूल रुपयाच्या नाण्याएवढे. पाकळ्या पाच. रंग जांभळा, आणि मध्यभागी पांढरा.

झाड दिसायला नाजूक, पण मोठे चिवट. त्याच्या मुलखात हिवाळ्यात बर्फ पडते. जमीन गारठून दगडासारखी होते. तेव्हा वरची पाने मरून जातात. पण जमिनीखाली त्याचा जाड गड्डा जिवंत असतो. उन्हाळा जवळ आला की त्या गड्ड्यातून पुन्हा नवी पाने फुटतात. असे हे झाड एकाच जागी वर्षानुवर्षे जगते.

मूळचे ते ओलसर रानातले. माणसांनी राने तोडली आणि गवताची कुरणे राखली. तेव्हा तेही कुरणात राहू लागले.

मास्तरांनी काय पाहिले?

जर्मनीत बर्लिन शहराजवळ स्पांडाऊ नावाचे गाव होते. तिथल्या शाळेत स्प्रेंगेल नावाचे मुख्याध्यापक होते. १७८७ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी हेच चोचफूल हातात घेऊन नीट पाहिले. पाकळीच्या बुडाशी त्यांना बारीक, मऊ केस दिसले. आपण पाहिले असते तर म्हणालो असतो, "असतील केस, त्यात काय!" पण मास्तरांनी विचारले, "हे केस इथे कशासाठी?"

त्यांनी आणखी बारकाईने पाहिले. त्या केसांच्या आड मधाचे थेंब होते. मग त्यांच्या ध्यानात आले. आपल्या कपाळावरचा घाम भुवया अडवतात. तो डोळ्यांत जाऊ देत नाहीत. तसेच हे केस पावसाचे पाणी अडवतात. त्यामुळे मध पातळ होत नाही.

पण फुलाने मध जपायचा तो कोणासाठी? मधमाश्यांसाठी. चोचफुलात आधी पराग पिकतात. बी धरणारा भाग मागाहून तयार होतो. म्हणून एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलावर नेऊन पोचवणारे कोणी तरी हवे. मधमाशी मधासाठी येते आणि जाता जाता ते काम करते. मध ही तिची मजुरी.

१७९३ साली स्प्रेंगेल मास्तरांनी यावर मोठे पुस्तक छापले. त्या काळी त्याची फारशी कोणी कदर केली नाही. मास्तर १८१६ साली वारले. पुढे चार्ल्स डार्विन या थोर शास्त्रज्ञाने ते पुस्तक वाचले आणि त्याचे मोल जगाला कळले.

गोफणीने बी फेकणे

आता फळाकडे वळू. चोचीच्या बुडाशी पाच कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात एक बी. प्रत्येक कप्प्याला चोचीच्या टोकापर्यंत गेलेली एक पट्टी असते. ऊन लागून फळ वाळते. पट्टी ताणली जाते. ताण फार झाला की ती खालून सुटते आणि झटकन वर वळते. गोफणीतून दगड सुटावा तसे बी दूर जाऊन पडते.

हे सगळे व्हायला वेळ लागतो. फूल येते जूनच्या सुमारास. माशी येते, बी धरते, फळ वाळते, मग बी उडते. तोवर जुलै उजाडतो. या मधल्या दिवसांत कोणी गवत कापले तर? फूल गेले आणि बीही गेले. चोचफुलाचे सारे नशीब इथे आहे.

राखलेले कुरण

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या स्वेलडेलसारख्या खोऱ्यांत चोचफुलाची कुरणे आहेत. शेताभोवती चुना-मातीशिवाय रचलेले दगडी गडगे असतात. शेतातच दगडी गोठा असतो. पूर्वी हिवाळ्यात खाली गाई बांधत आणि वर माळ्यावर वाळले गवत साठवत.

तिथल्या जुन्या शेतकऱ्यांचा क्रम असा असे. उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरे कुरणात चरत. मे महिन्यात मेंढरे बाहेर काढून कुरण बंद करत. मग गवत आणि फुले मिळून वाढत. जुलैच्या मध्यानंतर, उघाड पाहून, गवत कापत. कापलेले गवत शेतातच पसरून, उलटून-पालटून वाळवत. त्यात उरलेसुरले बी जमिनीवर झडे. गवत गोठ्यात गेले की गुरे पुन्हा कुरणात सोडत. गुरांच्या खुरांनी बी मातीत दाबले जाई. वर्षातून एकदा थोडे शेणखत टाकत, फार नाही.

हे काही फुलासाठी केलेले नव्हते. ते हिवाळ्याच्या वैरणीसाठी होते. पण त्या क्रमात फुलालाही वेळ मिळत होता. अशा चांगल्या कुरणात एका चौरस मीटर जागेत वीस-पंचवीस जातींची झाडे सापडतात.

मग बिघडले कुठे?

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. त्या काळात इंग्लंडात अन्नाची टंचाई होती. जास्त दूध हवे, जास्त मांस हवे, म्हणून जास्त चारा हवा. शेतकरी कुरणांना भरपूर रासायनिक खत देऊ लागले. कुरणे नांगरून एकाच जातीचे जोमदार गवत पेरू लागले. खताने गवत इतके माजले की त्याखाली फुले घुसमटली.

दुसरी गोष्ट, मुरघास आला. मुरघासाला गवत पुरते वाळवावे लागत नाही. पावसाळी मुलखात ही मोठी सोय झाली. पण त्यासाठी कापणी लवकर, मे-जूनमध्येच होऊ लागली. चोचफूल फुलावर असताना विळा चालू लागला. बी धरायला वेळच राहिला नाही.

परिणाम काय झाला? १९८४ पर्यंतच्या पन्नास वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधल्या सखल भागातली फुलांची जुनी गवताळ राने शंभरातली सत्याण्णव नाहीशी झाली. उंचावरची, चोचफुलाची जुनी कुरणे सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून सुमारे अडीच हजार एकरच उरली. बर्फाला न हरलेले झाड कापणीच्या तारखेला हरले.

यात शेतकऱ्याला दोष देऊन भागेल का? नाही. गुरे उपाशी ठेवून कोणी फुले राखत नाही. उशिरा कापलेले गवत कसात जरा कमी भरते. खत नाही दिले तर गवतही कमी येते. ही तूट कोणी तरी भरून द्यायला हवी. म्हणून १९८७ साली तिथल्या सरकारने या खोऱ्यांत एक योजना सुरू केली. जो शेतकरी उशिरा कापील आणि खत कमी वापरील, त्याला पैसे मिळू लागले. तेव्हापासून अशा योजना नाव बदलत चालू राहिल्या.

गेलेले फूल परत आणणे

चोचफुलाचे बी मातीत फार वर्षे टिकत नाही. म्हणून एकदा कुरणातून गेले की ते आपोआप परत येत नाही. त्याला आणावे लागते. त्याची एक सोपी रीत आहे. चांगल्या कुरणातले बी पिकलेले गवत कापायचे आणि ओले असतानाच जवळच्या ओसाड कुरणात नेऊन पसरायचे. बी तिथे झडते.

त्याआधी माजलेले गवत आवरावे लागते. त्याला एक पिवळ्या फुलाचे झाड मदत करते. त्याचे नाव 'यलो रॅटल'. ते आपली मुळे गवताच्या मुळांना लावून त्यांचा रस घेते. गवत खुरटते आणि इतर झाडांना जागा मिळते. आपल्याकडे ज्वारीवर टारफुला येतो ना? हा त्याच्याच कुळातला. ज्वारीत तो वैरी, पण त्या कुरणात तोच मित्र.

तरी काम सावकाश चालते. कुरण मोडायला एक नांगरट पुरते. ते पुन्हा भरायला कितीतरी वर्षे लागतात.

आता सांगा पाहू

१. चोचफुलाला हे नाव का पडले?
२. पाकळीच्या बुडाचे केस कोणते काम करतात?
३. गवत लवकर कापले तर चोचफुलाचे काय होते?
४. तुमच्या गावच्या कुरणात गवताबरोबर कोणती फुले येतात? त्यांचे बी केव्हा झडते? कापणी त्याच्या आधी होते की नंतर? जाऊन पाहा आणि वर्गात सर्वांना सांगा.