दादोबा पांडुरंग : एका शाळाधिकाऱ्याचा व्याकरणव्यासंग

सेवानिवृत्त शाळाधिकाऱ्याचा गौरव करताना त्याने किती वर्षे सेवा केली, कोणकोणती पदे भूषविली आणि किती शाळा तपासल्या, हे सांगण्याचा प्रघात आहे. ते सांगणे उचितच होय. परंतु शिक्षकाच्या हाती त्याने काय दिले, हा प्रश्न अशा प्रसंगी क्वचितच विचारला जातो. रावबहादूर दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहणे शिक्षकबंधुभगिनींस उपयुक्त ठरेल.

दादोबांचा जन्म ९ मे १८१४ रोजी मुंबईस झाला. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील साहाय्यक शिक्षक, सुरतेच्या इंग्रजी शाळेतील शिक्षक, अशा क्रमाने त्यांचे पूर्ववय अध्यापनातच गेले. १८४६ मध्ये बाळशास्त्री जांभेकर अकाली निवर्तले. शिक्षक तयार करण्यासाठी आदल्याच वर्षी काढलेला वर्ग बाळशास्त्र्यांच्या देखरेखीखाली होता. ती जबाबदारी दादोबांवर आली आणि ते मराठी शाळांचे सुपरिंटेंडेंट झाले. १८५२ मध्ये त्यांची नेमणूक डेप्युटी कलेक्टर म्हणून अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) झाली. म्हणजे हे पद त्यांच्याकडे अवघी सहा वर्षे होते.

त्या काळच्या गावठी शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे कामाची कल्पना येते. धूळपाटीवर अक्षरे गिरवावीत, मोडी वाचावी, पावकी-निमकी घोकावी, एवढ्यावर पंतोजींचे शिक्षण संपे. मुलगा जी भाषा बोलतो तिलाही नियम आहेत, ही गोष्ट शाळेत कोणी सांगत नसे. ज्याने स्वतः कधी व्याकरण शिकलेले नाही, अशा शिक्षकाने ते कशाच्या आधारे शिकवावे?

या प्रश्नाचे उत्तर दादोबांनी पद मिळण्यापूर्वीच शोधावयास घेतले होते. ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ हा त्यांचा ग्रंथ १८३६ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय बावीस वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांचे मराठी नकाशांचे पुस्तकही निघाले. व्याकरणाची दुसरी आवृत्ती १८५० मध्ये, सुपरिंटेंडेंटच्या कामाच्या ऐन धामधुमीत, निघाली. इंग्रजी व्याकरणाची मांडणी आणि संस्कृत व्याकरणाची परिभाषा यांचा मेळ त्यांनी मराठीसाठी घातला. हा मेळ सर्वत्र नीट बसला, असे नाही. विभक्तीच्या प्रकरणात संस्कृतचे साचे मराठीला आवळतात, हे आजही वर्गात जाणवते.

तरीही त्यांनी घालून दिलेल्या वाटेने शिकवताना मुलांना किती आनंद देता येतो, याचे एक साधे उदाहरण पाहावे. फळ्यावर लिहावे : ‘गोविंदाने कांदा खाल्ला. गोविंदाने भाकरी खाल्ली. गोविंदाने द्राक्ष खाल्ले.’ खाणारा एकच, मग क्रियापद का बदलले? मुलांना विचार करू द्यावा. नंतर ‘गोविंदाने’च्या जागी ‘सीतेने’ घालावे. क्रियापद हलत नाही! ते कर्माच्या मागे चालते, हे चौथीतला मुलगा आपण होऊन सांगतो. त्यानंतर ‘गोविंदा कांदा खातो, सीता कांदा खाते’ ही वाक्ये लिहून भेद दाखवावा. ‘कर्मणी’ आणि ‘कर्तरी’ ही नावे सर्वांत शेवटी सांगावीत. आरंभीच व्याख्या पाठ करून घेतली, तर धूळपाटीच्या शाळेत आणि आपल्या शाळेत अंतर ते काय राहिले? बागलाणात ज्या मुलांच्या घरी अहिराणी बोलतात, त्यांच्याकडून हीच वाक्ये घरच्या बोलीत म्हणवून घ्यावीत. बोलीलाही नियम असतात, हे त्यांना कळेल.

दादोबांचे आणखी एक कार्य येथे सांगितले पाहिजे. सुरतेस १८४४ मध्ये त्यांनी दुर्गाराम मेहताजी प्रभृतींसह मानवधर्मसभा स्थापिली. पुढे मुंबईच्या परमहंस सभेतही त्यांचा पुढाकार होता. जातिभेद मानू नये, हे तिचे तत्त्व होते. सभा गुप्तपणे भरे. लोकनिंदेच्या भयाने तत्त्व झाकून ठेवावे लागले, हे त्या सभेचे दौर्बल्य म्हटले पाहिजे. परंतु सरकारी शाळाधिकाऱ्याने त्या काळी इतकेही करणे सोपे नव्हते.

नाशिक जिल्हा १८६९ मध्ये स्वतंत्र झाला. तत्पूर्वी त्याचा बराचसा भाग अहमदनगर जिल्ह्यात असल्याने डेप्युटी कलेक्टर दादोबांशी आपला संबंध जवळचा आहे. तेथेच त्यांना ‘रावबहादूर’ ही पदवी मिळाली. मात्र ती मिळाली भिल्लांच्या उठावाच्या बंदोबस्ताबद्दल. ज्या व्याकरणावर मराठी शाळांच्या पिढ्या शिकल्या, त्याबद्दल नव्हे. आज भिल्ल घरांतील मुले आपल्या पटावर आहेत. त्यांच्यापुढे दादोबांची ओळख करून देताना पदवीपेक्षा पुस्तकाचे नाव आधी घ्यावे, हे बरे.

महसुली नोकरीत गेल्यावर आणि निवृत्तीनंतरही हा व्यासंग सुटला नाही. १८६५ मध्ये शाळांसाठी ‘मराठी लघुव्याकरण’ निघाले. त्याच वर्षी मोरोपंतांच्या केकावलीवरील त्यांची ‘यशोदापांडुरंगी’ ही टीकाही प्रसिद्ध झाली. आत्मचरित्र मात्र अपुरे राहिले, ते अ. का. प्रियोळकर यांनी चरित्राची जोड देऊन १९४७ मध्ये प्रकाशित केले. मोठ्या व्याकरणात जे राहून गेले, ते भरून काढण्यासाठी दादोबांनी ‘मराठी व्याकरणाची पूरणिका’ लिहिली. ती १८८१ मध्ये निघाली. पहिल्या आवृत्तीस तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती. पुढील वर्षी, १७ ऑक्टोबर १८८२ रोजी, त्यांचे देहावसान झाले.