आपणच आपले मित्र

आजचे वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५ ते ७



वाचनाच्या ओघात आज सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक आला. आपणच आपल्याला वर काढावं, खाली ढकलू नये. आपणच आपले मित्र आणि आपणच आपले वैरी, असा त्याचा साधा भाव. हा श्लोक मी कितीतरी वर्षं वाचतो आहे. पण त्यातला मित्र मी नेहमी घाईघाईने ओलांडून जायचो. माझं सगळं लक्ष 'वर काढावं' यावर. म्हणजे मनाला दामटायचं, आणि चुकलं की आपणच आपल्याला दोन ठेवून द्यायच्या. यालाच मी साधना समजत होतो.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचा धान कापून झाला होता, कडपा बांधीत वाळत पडल्या होत्या. आभाळ भरून आलं. सौ. म्हणाली, आजच बांधून पुंजणं घालून घेऊ. मजुरी जास्त सांगत होते, म्हणून मी म्हटलं, दोन दिवस थांबू, येऊन येऊन किती येईल? त्या रात्री पाऊस आला तो तीन दिवस हटला नाही. चौथ्या दिवशी पाहतो तर लोंब्यांना कोंब फुटायला लागलेले.

नुकसान झालं ते झालंच. त्याहून वाईट होतं ते मनात सुरू झालेलं बोलणं. तुझ्यामुळे झालं. पन्नाशी उलटली तरी अक्कल नाही. गीता वाचतो म्हणे! रात्री झोप लागेना. आमच्या कोहमाऱ्यात हायवेच्या ट्रकांचा आवाज रात्रभर असतोच, तो ऐकत पडून राहायचो. सकाळी वाचनाला बसलो की अक्षरं दिसायची, आत काहीच जायचं नाही.

आणि एक गोष्ट कबूल करतो. ऊन पडल्यावर कडपा उलटवायला हव्या होत्या, बरंच काही वाचलं असतं. पण मी दोन दिवस बांधीकडे फिरकलोच नाही. लाज वाटत होती. म्हणजे मी स्वतःला इतका झोडपत होतो, आणि त्या झोडपण्याने हातून एक काडीही उचलली गेली नाही.

तिसऱ्या दिवशी शेजारचा एक पोरगा आला. त्याचाही धान तसाच भिजलेला. ओट्यावर बसून रडायला लागला. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "अरे बापू, पाणी का आपल्या हातात हाय? तुनं मुद्दाम केलं का? चाल, आधी चहा घे, मंग दोघं मिळून पाहू." तो गेल्यावर मी तिथेच बसून राहिलो. चूक तर त्याची माझी सारखीच होती. त्याला चहा आणि मला शिव्या, हा कुठला न्याय? पाचव्या श्लोकातला मित्र मला त्या ओट्यावर पहिल्यांदा भेटला.

क्रिस्टिन नेफ नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली स्वतःविषयीच्या करुणेवर लेख लिहिले. त्यांचं म्हणणं जवळपास हेच आहे : अडचणीतल्या मित्राशी जसं बोलाल तसं स्वतःशी बोला. त्यात त्या आणखी एक गोष्ट जोडतात, जी मला जास्त मोलाची वाटली. चुकणं आणि दुःख होणं हे माणसाच्या वाट्याला येतंच, एकट्या माझ्याच नाही. त्या पावसात एकट्या माझ्याच कडपा भिजल्या नव्हत्या ना!

कुणी म्हणेल, हे तर स्वतःला सूट देणं झालं. मलाही आधी तसंच वाटलं. पण ठाण्याचे डॉ. आनंद नाडकर्णी वेदान्त आणि अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती शेजारी ठेवून समजावतात, तिथे याचं उत्तर सापडतं. एलिस सांगायचे की कृतीला चूक म्हणा, पण आख्ख्या माणसाला चूक ठरवू नका. थांबायचा माझा निर्णय चुकला. हे मी मान्य करायचंच, पदर झटकायचा नाही. पण 'मी नालायक' हा निकाल त्यातून निघत नाही.

आता मनाचं काय? चौतिसाव्या श्लोकात अर्जुनच म्हणतो की मन आवरणं म्हणजे वारा धरण्यासारखं आहे. भगवंत त्याला रागावत नाहीत. पुढच्याच श्लोकात आधी त्याचं म्हणणं मान्य करतात, मग अभ्यास आणि वैराग्य सांगतात. आणि त्याआधी सव्विसाव्या श्लोकात सांगून ठेवलंच आहे : मन जिथे जिथे पळेल तिथून परत आणा. परत आणा म्हटलंय, मारून आणा नाही. ज्ञानेश्वर माउली तर या मनाचा एक चांगला गुणही दाखवतात, की याला जिथे गोडी लागते तिथे ते रमतं. मारकुट्या घरी कुणाला गोडी लागेल?

स्टीव्हन हेज नावाचे मानसशास्त्रज्ञ ज्याला मनाची लवचिकता म्हणतात ती मला इथे कळली. विचार येऊ द्यायचा, त्याच्याशी कुस्ती खेळायची नाही, आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं ते काम करायला उठायचं. त्यांची एक युक्ती मी रोज वापरतो. 'मी बेअक्कल आहे' असं न म्हणता 'मी बेअक्कल आहे असा विचार मनात आला आहे' असं म्हणायचं. हसू नका, करून पाहा. आमच्या चौकातून रात्रंदिवस ट्रक जातात, काही नागपूरकडे, काही रायपूरकडे. दिसला ट्रक की चढलो, असं कुणी करतं का? तेराव्या अध्यायात क्षेत्र आणि क्षेत्र जाणणारा असे दोन सांगितलेत, ते शेतकऱ्याला तरी लवकर कळायला हवं. बांधी भिजते, बांधी पाहणारा वेगळा.

एक आठवण मात्र मनातून जात नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरून घेतली. ज्यांच्या मायेने महाराष्ट्र वाढला त्या गुरुजींनी १९५० मध्ये स्वतःचं जीवन स्वतःच संपवलं. त्याचा अर्थ लावायचा अधिकार मला नाही. एवढंच म्हणतो की अंधार वाचणाऱ्याला, भक्ताला, सगळ्यांना गाठतो, त्यात भक्ती कमी पडली असं कुणी कुणाला म्हणू नये. झोप उडाली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर श्लोक वाचत एकट्याने बसू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी सौ.ला म्हटलं, माझं चुकलं, तुझं ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, "मले ठाऊक हाय ना. तुमी दोन दिवसांपासून कोणाशी बोलून नाही रायले, त्याचंच भेव वाटत होतं. धानाचं पाहू." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आणि तो शेजारचा पोरगा, तिघांनी मिळून आधी त्याच्या, मग आमच्या कडपा उलटवल्या. थोडा धान वाचला. काळा पडला होता, भाव कमी मिळाला.

उद्या आठवा श्लोक घेऊ.