लूत नसताही केस का झडतात?

मळ्याची राखण करणाऱ्या कुत्र्याचे केस झडू लागले की, 'यास लूत लागली' असे ठरवून आपण मोकळे होतो. मग कोणी त्यास इंजिनाचे जळके तेल फासतो, कोणी घासलेट लावतो. आणि गुण आला नाही म्हणजे त्या मुक्या प्राण्यास वस्तीबाहेर हाकलून दिले जाते. लूत हा अतिसूक्ष्म किड्यांपासून होणारा रोग खरा, व तो पुष्कळ आढळतोही. परंतु केसांची प्रत्येक झड ही लूत नव्हे. कित्येकदा रोगाचे मूळ कातडीत नसून शरीराच्या आत असते, व तेथवर तेलाचा हात पोचत नाही. मनुष्याचीही गोष्ट अशीच आहे. सबब या विषयाचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहो.

पिकाप्रमाणे केसालाही हंगाम असतो. तो काही काळ वाढतो, मग विसावा घेतो, गळतो आणि त्याच मुळातून नवा फुटतो. माणसाच्या डोक्यावरील केस २ ते ६ वर्षे वाढतो व सुमारे ३ महिने विसावतो. पुष्कळ जातींच्या कुत्र्यांचे केस मात्र बहुतेक काळ विसाव्यातच असतात. त्यांस पुन्हा वाढीस लावण्याचा हुकूम रक्तातून येतो. शरीरातील ग्रंथी जे रस थेट रक्तात सोडतात, त्यांस अंतःस्राव किंवा हॉर्मोन म्हणतात. त्यांचे प्रमाण बिघडले की हा हुकूमही चुकतो.

१. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी. हिच्या स्रावात आयोडीन असते. केंडॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१४ साली तो शुद्ध रूपात वेगळा केला. हा स्राव कमी पडला म्हणजे मध्यम वयाचा कुत्रा सुस्त होतो, आहार न वाढता लठ्ठ होतो, उबेस जाऊन बसतो. दोन्ही कुशींवरील केस सारखेच विरळ होतात व शेपूट उंदराच्या शेपटीसारखे उघडे पडते. खाज मात्र बहुधा नसते. माणसात केस रुक्ष व विरळ होतात, भुवयांची बाहेरची टोके झडतात व थंडी सोसत नाही. माणसात आयोडीनची उणीव हे या विकाराचे एक कारण असल्यामुळे भारत सरकारने १९६२ साली गलगंड नियंत्रणाची योजना सुरू केली. कुत्र्यात मात्र बहुधा ग्रंथीच झिजलेली असते. म्हणून त्यास आयोडीनचे मीठ चारून उपयोग नाही.

२. मूत्रपिंडांवरील ग्रंथी. यांचा कॉर्टिसॉल नावाचा स्राव अतिरिक्त झाला की कुत्रा सारखे पाणी पितो, वारंवार मुततो, त्याचे पोट लोंबते, कातडी पातळ होते व धडावरचे केस जातात. माणसातील या विकाराचे वर्णन कुशिंग या शस्त्रवैद्याने १९३२ साली विस्ताराने केले. खाजेवर महिनोन्‌महिने स्टेरॉइडची औषधे दिल्यानेही हीच अवस्था येते. तथापि अशी औषधे एकाएकी आपल्याच मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते; ती वैद्याच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी.

३. जननग्रंथी. ज्या कुत्र्याचे अंड पोटातच राहिले आहे, त्यास पुढे तेथे गाठ होऊन मादीचे स्राव वाढण्याचा संभव असतो; मग केस झडतात व स्तन वाढतात. पुरुषाच्या टकलास पुरुषी स्राव व आनुवंशिकता ही दोन्ही लागतात, हे हॅमिल्टन याने १९४२ साली दाखविले. बाळंतपणानंतर २ ते ४ महिन्यांनी स्त्रीचे केस गळतात तेही स्राव एकाएकी उतरल्यामुळे. ते बहुधा वर्षाच्या आत पूर्ववत होतात. त्याबद्दल तिला बोल लावू नये व घाबरवूही नये.

आता ओळखावे कसे? खाज, खपल्या, कानांच्या कडा व कोपरे यांवर प्रथम झड, आणि दुसऱ्या जनावरांस लागण, ही लुतीची लक्षणे होत. तथापि खाज नसलेलीही लुतीची एक जात आहे. यास्तव गुरांच्या दवाखान्यात कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हे पहिले काम, व रक्ताची तपासणी हे दुसरे. इतर आजारांतही थायरॉइडचा स्राव उतरलेला दिसतो. म्हणून एका आकड्यावर निकाल देऊ नये.

थायरॉइडच्या उणिवेवर गोळी मिळते, परंतु ती बहुधा जन्मभर द्यावी लागते, आणि केस भरून येण्यास काही महिने जातात. वजनाच्या मानाने कुत्र्यास माणसाच्या कितीतरी पट मात्रा लागते. यासाठी घरातील माणसाची गोळी कुत्र्यास किंवा कुत्र्याची माणसास कदापि देऊ नये.

जळके तेल कुत्रा चाटतो व ते त्याच्या पोटात जाते. ज्याने रात्रीमागून रात्री आपले खळे राखले, त्यास हाकलण्यापूर्वी एकवार दवाखान्यात न्यावे, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.