गोष्टीच्या तीन वाटा

प्राचीन काळी प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे आजच्या पैठणात, सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात आहे. गुणाढ्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ रचली. तीत विद्याधरांच्या अद्भुत कथा होत्या. परंतु भाषा हलकी म्हणून राजाने तिचा अव्हेर केला. खिन्न होऊन गुणाढ्य रानात गेला. एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवावे आणि अग्नीत टाकावे, असा त्याने क्रम आरंभिला. प्राणी तहानभूक विसरून ऐकत राहिले. राजाला हे कळले व तो तेथे आला, तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती!

ही दंतकथा असेल. तिचे मर्म मात्र खरे आहे. गोष्ट कितीही सुंदर असो, रसिकांपर्यंत नेणारी वाट तिला लाभली नाही, तर ती नाहीशी होते.

मुलांनो, अशी कल्पना करा, की भीमेच्या काठी वसलेल्या वडगाव रासाई येथील एका तरुणाने एक अद्भुत कादंबरी लिहिली आहे. आज त्याच्यापुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट छापखान्याची. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी १८६१ च्या सुमारास याच वाटेने मराठी घरांत आणल्या. छापील ग्रंथाला वीज लागत नाही. तो वाचनालयात राहतो, एका हातातून दुसऱ्या हातात जातो. कल्पित राज्याचा नकाशाही त्यात देता येतो. परंतु अक्षरजुळणी, चित्रे व मुद्रितशोधन यांचा खर्च शंभर प्रती काढा की हजार, सारखाच येतो. प्रती थोड्या काढल्या, तर प्रत्येक प्रत महाग पडते. पुष्कळ काढल्या आणि खपल्या नाहीत, तर गठ्ठे पडून राहतात.

दुसरी वाट आवाजाची. आजीच्या मांडीवर आपण गोष्ट ऐकतो, तीच ही वाट. २०१७ साली स्टोरीटेल या कंपनीने भारतात ऑडिओबुके आणली, तेव्हा आरंभीच्या भाषांत मराठी होती. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथा त्यांच्या पश्चात अशा रीतीने ऐकू येऊ लागल्या. अंध मनुष्य, तसेच हात कामात गुंतलेला मनुष्यही गोष्ट ऐकू शकतो. परंतु त्यासाठी उत्तम वाचणारा हवा आणि ध्वनिमुद्रणाचा खर्च हवा. शिवाय अद्भुत कथेतील अपरिचित नावे ऐकताना विसरतात, आणि नकाशा कानांना दिसत नाही.

तिसरी वाट ई-पुस्तकाची. २०१६ साली किंडल या वाचनयंत्रासाठी मराठी पुस्तकांचे दालन उघडले. येथे कागद व गठ्ठे नाहीत. चूक आढळल्यास लगेच सुधारता येते, आणि पुस्तक क्षणात परदेशी पोहोचते. परंतु वाचकाजवळ यंत्र हवे, आणि चोरट्या नकलांचे भय असते. ‘हॅरी पॉटर’च्या लेखिका जे. के. रोलिंग यांचे पहिले पुस्तक १९९७ साली छापून निघाले. त्या मालेची ई-पुस्तके मात्र २०१२ साली विक्रीस आली.

मग आपल्या तरुणाने काय करावे? आपली गोष्ट कोणासाठी आहे, हे त्याने आधी स्वतःला विचारावे. शाळेतील मुलांसाठी छापील पुस्तक, दृष्टी मंदावलेल्या आजीसाठी आवाज, परदेशातील मावसभावासाठी ई-पुस्तक. तिन्ही वाटा एकदम परवडतीलच असे नाही. म्हणून जिच्यावर आपले वाचक अधिक, ती आधी धरावी. करारपत्रही नीट वाचावे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाला आपले हक्क संपूर्ण किंवा अंशतः देता येतात. छापण्याचा हक्क देताना आवाजाचा हक्क आपल्याजवळ राखता येतो. न वाचता सही करणारा मात्र तिन्ही वाटा एकदम गमावून बसतो.

गुणाढ्याला राजा हवा होता. त्याचे खरे श्रोते रानात होते. आपले श्रोते कोठे आहेत, हे ज्याने ओळखले, त्याची गोष्ट जगते.

अभ्यास
१. राजाने ‘बृहत्कथा’ का नाकारली? त्याचा परिणाम काय झाला?
२. थोड्या प्रती छापल्यास पुस्तक महाग का पडते?
३. तुमच्या आजीची एखादी गोष्ट लिहून काढा. ती कोणत्या वाटेने इतरांपर्यंत न्याल, ते कारणांसह सांगा.