यादी लावा, पण आकडे झाका

जळगाव जिल्ह्यात केळीची नुकसानभरपाई आली, की पहिली झुंबड उडते ती यादीपुढे. एका सरकारी कार्यालयाने भिंतीवर लावलेल्या यादीत माझं नाव, गाव, गट क्रमांक होता, इथवर ठीक. पण पुढच्या रकान्यांत मोबाइल, बँक खातं आणि आधारचे बाराही आकडे! कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, तो धुळ्याच्या पाहुण्यांपर्यंत गेला. मग ‘अनुदान अडकलंय, ओटीपी सांगा’ असे फोन सुरू झाले. बोलणाऱ्याला माझ्या भरपाईची रक्कमसुद्धा माहीत होती.

विचारलं तर साहेब म्हणाले, “भाऊ, पारदर्शकतेसाठी लावलीय.” हे अर्धंच खरं. माहिती अधिकाराच्या कलम ४ नुसार लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचा असतो. पण आधार क्रमांक असा चव्हाट्यावर मांडायला आधार कायद्याचं कलम २९(४) मनाई करतं. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. निदान इथे तरी हा नियम पाठ हवा.

अशी यादी दिसली तर लेखी तक्रार द्या आणि शिक्क्यासह पोच घ्या. सोबत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीचा अर्ज करा. विषय एकच, शब्द दीडशेच्या आत. माझे कोणते कागद तुमच्याकडे आहेत, ते कुणाच्या ताब्यात आहेत, पुढे कुणाला दिले, कधी नष्ट करणार, एवढंच विचारा. माझ्या तक्रारीनंतर यादी उतरली, मात्र माझ्या कागदांच्या झेरॉक्स कधी नष्ट करणार यावर मला उत्तर आलं, ‘नोंद उपलब्ध नाही’. तेच उत्तर पहिल्या अपिलात कामी आलं. तिथेही दाद लागली नाही, तर राज्य माहिती आयोगाचं नाशिक खंडपीठ आहे.

नोव्हेंबर २०२५ पासून माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललंय. दुसऱ्याची वैयक्तिक माहिती नाकारणं त्यामुळे सोपं झालं. म्हणून अर्जात स्वतःच्या नोंदी आणि कार्यालयाची कार्यपद्धती यांवरच भर द्या.

झेरॉक्सवर कारण आणि तारीख लिहून आडवी सही करा. चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्या, बोटांचे ठसे लॉक ठेवा. पैसे गेलेच, तर तासभरही न दवडता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन लावा.

आणि कागद देण्याआधी खिडकीवर विचारा, “हे ठेवणार कुठे?” उत्तर देणं कार्यालयाचं काम आहे, मेहरबानी नाही.