डेकलखालची हवा



विमानाच्या प्लास्टिक मॉडेलवर पाण्यात भिजवून लावायच्या डेकलमध्ये खाली कागद असतो, त्यावर पाण्यात विरघळणारा डिंक आणि सगळ्यांत वर लॅकरचा पारदर्शक पापुद्रा. चिन्हे छापलेली असतात ती या पापुद्र्यावर. डिंक सुटला की पापुद्रा कागदावरून सरकतो, थोडा डिंक सोबत घेऊन विमानावर उतरतो आणि वाळताना त्यानेच चिकटतो. बुडबुडा म्हणजे त्याखाली अडकलेली हवा. सुरकुतीचे तसे नाही. सपाट पापुद्रा गोल अंगावर बसवताना कुठेतरी जास्तीचा होतो आणि तेवढ्या भागाला चुणी पडते. औषध दोन्हींवर जवळपास एकच असले तरी कारणे दोन आहेत. कारण न पाहता सुई उचलली की चांगले बसलेले डेकलही हातचे जाते.

हवेची सोय बहुतेक वेळा डेकल लावण्याआधीच झालेली असते. लढाऊ विमानाचा छद्मरंग मॅट असतो आणि मॅट रंग भिंगाखाली नांगरलेल्या शेतासारखा खडबडीत दिसतो. पापुद्रा उंचवट्यांवर टेकतो, चरांमध्ये हवा राहते आणि त्या हवेवरून उजेड परततो. अक्षरांभोवतीची पारदर्शक कड मग चांदीसारखी चमकते. मॉडेलवाले याला सिल्व्हरिंग म्हणतात. भारतीय हवाई दलाच्या मिग-21चे मॉडेल करताना (नाशिकजवळ ओझरला ही विमाने वर्षानुवर्षे तयार झाली) हिरव्या-करड्या रंगावरच्या क्रमांकांभोवती ही चमक लगेच डोळ्यांत भरते. उपाय आधीचाच आहे. रंग पुरता वाळला की त्यावर ग्लॉस क्लिअरचे पातळ हात द्यावेत. तामियाचे एक्स-22 चालते. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाल्याशिवाय डेकलचे पान पाण्याजवळ नेऊ नये. यात जाणारा एक दिवस वाचवणाऱ्याचे पुढचे चार दिवस डागडुजीत जातात.

डेकल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढावे आणि डिंक सुटेपर्यंत तसेच ठेवावे. पाण्यात तरंगत ठेवले तर डिंक धुऊन जातो. ते जिथे बसवायचे तिथे आधी पाण्याचा किंवा मायक्रो सेटचा ओला हात फिरवावा. निळ्या लेबलच्या या बाटलीला व्हिनेगरचा वास येतो, कारण तिच्यात अ‍ॅसिटिक आम्लच असते. त्यामुळे अडचणीच्या वेळी पांढरे व्हिनेगर पाण्यात मिसळून काम भागते. डेकल सरकवून जागेवर आणले की ओल्या मऊ ब्रशने मधून कडेकडे पाणी काढत जावे. कडेकडून मध्ये आलेला हात हवा कोंडतो.

या टप्प्यावर पडलेली सुरकुती ही काही सुरकुती नव्हे. ती ओढून सरळ करायचा मोह मात्र होतो, आणि ओढले की पापुद्रा ताणतो किंवा फाटतो. त्याऐवजी कडेला पाण्याचा थेंब सोडावा. डेकल पुन्हा तरंगते आणि चुणी आपोआप सुटते. डेकल स्वतःवर दुमडले असेल तर विमानाचा तेवढा भाग पाण्याखाली धरून ब्रशच्या टोकाने घडी उलगडावी.

खरी परीक्षा मायक्रो सोलची. लाल लेबलची ही बाटली पापुद्रा मऊ करते, म्हणजे तो पॅनलच्या रेघांत आणि रिव्हेटांवर रंगासारखा बसतो. पण बसण्याआधी तो आक्रसून सुकलेल्या मनुकेसारखा दिसू लागतो. पहिल्यांदा पाहणारा घाबरतो आणि बोट लावतो. मऊ झालेला पापुद्रा त्या बोटाबरोबर निघतो, कारण त्या क्षणी त्याच्या अंगात ओल्या टिश्यूइतकाही जोर नसतो. द्रव लावून बाटलीचे झाकण बंद करावे आणि खोलीबाहेर जावे. वाळताना पापुद्रा आपला आपण ताणून सपाट होतो. निर्मात्यागणिक पापुद्र्याची जाडी वेगळी असते. इटलीच्या कार्टोग्राफची छपाई पातळ, तामियाची जाड. जाड डेकलला मिस्टर मार्क सॉफ्टर लागतो. सॉल्वासेट त्याहून कडक आहे आणि नवशिक्याच्या हाती देऊ नये. कोणताही द्रव आधी पानाच्या कोपऱ्यातल्या कंपनीच्या नावावर लावून बघावा. त्या नावाचा एरवी काही उपयोग नसतो. नेलपॉलिश काढायचा द्रव तर कधीच नाही. त्यातला अ‍ॅसिटोन मॉडेलचे पॉलिस्टायरिन प्लास्टिकच विरघळवतो.

रात्र उलटल्यावर तिरप्या उजेडात विमान फिरवून पाहावे. जिथे चकचकीत ठिपका दिसेल तिथे हवा आहे. शिवणाच्या सर्वांत बारीक सुईने त्यावर दोन-तीन भोके पाडावीत. पॅनलच्या रेघेवर पापुद्रा ताणून राहिला असेल तर नव्या ब्लेडच्या टोकाने रेघेतूनच चीर द्यावी. भोकाशी मायक्रो सोलचा थेंब टेकवला की तो आपसूक आत ओढला जातो. ठिपका कडेकडून विरत खालच्या रंगाचा होताना डोळ्यांना दिसतो. थोड्या वेळाने ओलसर कापसाचा बोळा वरून लोळवावा, घासू नये. मोठ्या बुडबुड्याला हे दोन-तीन रात्री करावे लागते.

दोन्ही दिशांनी वळणाऱ्या जागी, म्हणजे इंधनाच्या टाकीच्या टोकाला किंवा पी-40 विमानाच्या नाकावरच्या शार्कच्या जबड्यात, नुसत्या द्रवाने भागत नाही. तिथे शिंपी कापडाला करतो तेच करायचे. चुणी पडेल तिथे आधीच पाचरीसारखी चीर द्यायची, कडा एकमेकींवर आणायच्या आणि उरलेली फट जुळत्या रंगाने भरायची.

वाळून कडक झालेली चुणी कोमट पाण्याने भिजवलेली टिश्यूची घडी वर ठेवून मऊ करून पाहावी. ती हलली नाही तर चुणीच्या माथ्यावरून ब्लेड चालवून आत सोल सोडावे. तेही जमले नाही तर ग्लॉसचा हात देऊन, तो वाळल्यावर 2000 नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने उंचवटा उतरवून रंग लावावा. एवढ्यानेही न सुधारलेले डेकल चिकटपट्टीने उचलून टाकलेले बरे. हवाई दलाचा केशरी, पांढरा, हिरवा असा गोल चिकटपट्टीची वर्तुळे कापून रंगवताही येतो, आणि रंगाखाली हवा राहत नाही.

सगळे मनासारखे झाले की डिंकाचे डाग ओल्या फडक्याने पुसून ग्लॉसचा एक हात द्यावा आणि मगच मॅट व्हार्निश. पावसाळी दमट हवेत लॅकरचे व्हार्निश पांढुरके पडते, म्हणून कोरडा दिवस धरावा. व्हार्निशखाली गेलेल्या बुडबुड्यापर्यंत कोणताही द्रव धड पोहोचत नाही. प्रस्तुत लेखकाच्या कपाटातल्या मिग-21च्या डाव्या पंखावर असा एक आहे, मुगाच्या डाळीएवढा.